मुक्या कोपऱ्यातली नोंद

फुगा फुटला, आणि रंगमंचावरून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "मेलो."

आरोहीच्या हातातली टाचणी गळून पडली. विलास थेटर अकरा वर्षांपासून बंद होतं. कुलूप काढताना इथले जुने राखणदार खाजा मियांनी सांगितलं होतं, आत कबुतरांशिवाय कुणी नाही. आणि आता लाकडी रंगमंचाच्या मधोमध एक चादर हलत होती. तिच्याखालून आधी विस्कटलेले केस, मग दोन झोपाळू डोळे, मग एक आख्खा माणूस बाहेर आला.

"गोळी घातली व्हय मला?" त्यानं विचारलं.

"फुगा होता."

"फुगा... कुणाचा वाढदिवस हाय?"

"कुणाचाच नाही. आवाज किती वेळ घुमतो ते मोजतेय." तिनं लॅपटॉपकडं पाहिलं. फुग्याच्या उंच रेघेला लागूनच एक बुटकी, जाड रेघ उमटली होती. "तुम्ही मध्येच बोललात. हे मोजमाप वाया गेलं."

"माफ करा. पण मरता मरता मानूस येखादा शब्द बोलतोच की."

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण तेवढ्यात तिनं दुसरा फुगा तोंडाला लावला आणि वेळ निभावून नेली.

हा सोमेश्वर. डोंगरकड्याचा. हिंगोलीच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, हळदीच्या लिलावाची हर्राशी पुकारायचा. सकाळपासून ढिगामागून ढीग, अडत्यांच्या गलक्यावर आपला आवाज चढवत भाव बोलत राहायचं. दुपारी घसा आणि पाय दोन्ही टेकायला तो या थेटरात यायचा. इथं गार असायचं आणि कुणी बोलत नसायचं. संध्याकाळी मात्र तो स्वतःच बोलायचा. दसऱ्याला होणाऱ्या नाटकात तो नायक होता. तालमीला दुसरी जागा नव्हती, म्हणून खाजा मियां मागचं दार उघडून द्यायचे. झोपायला तो आलेला असेल हे ते आज विसरले होते, किंवा तसं म्हणाले तरी.

खाजा मियांनी चाळीस वर्षं इथला पडदा ओढला होता. निजामाच्या काळात कापसाच्या एका जिनवाल्या शेटनं हे थेटर बांधलं. नाटक कंपन्या रेल्वेनं यायच्या, त्यांच्या पेट्या बैलगाडीवरून मागच्या दाराशी उतरायच्या. मग कव्वाल्या झाल्या, मेळे झाले, पुढं पांढरा पडदा लावून सिनेमे चालले. गावातल्या तीन पिढ्या इथं रडायला शिकल्या, असं खाजा मियां म्हणायचे. घरी रडलं की लोक कारण विचारतात, इथं अंधारात कुणी विचारत नाही.

आता छपराचे पत्रे गळत होते. थेटर ठेवायचं की पाडायचं हे ठरवायला एक समिती बसली होती, आणि समितीला एकच साधा प्रश्न पडला होता. माईकशिवाय इथं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं असं जुनी माणसं सांगतात, ते खरं की नुसतं कौतुक? खरं असेल तर दुरुस्ती. नाहीतर दुकानांचं संकुल. मोजणारं कुणीतरी हवं होतं. कुरुंद्याची, नांदेडहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली, इथल्या कॉलेजात तासिकेवर शिकवणारी आरोही त्यांना सापडली. अहवालाला आठ दिवस होते.

"पन फुग्यानं काय कळनार?" सोमेश्वर रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसला. "फुगा काय नाटक करतो?"

प्रश्न चांगला होता. तो तिला आवडला, आणि आवडला हे तिला आवडलं नाही.

"फुग्यानं नुसतं घुमणं कळतं. शब्द कळतात का, त्यासाठी दुसरी चाचणी आहे. रंगमंचावरून एकानं पंचवीस सुटे शब्द वाचायचे, खुर्चीत बसलेल्यानं लिहून घ्यायचे. किती बरोबर आले ते मोजायचं."

"मंग वाचनारा पायजे तुमाला. दमदार आवाजाचा."

"दमदार नको, सारखा हवा. दरवेळी एकाच उंचीचा."

"मोंढ्यात या येकदा. सकाळी आठला माझा आवाज मोजा, आन् दुपारी येकला मोजा. सुताचा फरक निघाला तर नाव बदलीन."

कॉलेजातल्या एकाकडून करून घेतलेल्या, स्वतः न पाहिलेल्या याद्यांतली पहिली तिनं पुढं केली. त्यानं कागद घेतला आणि कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला. गोणी, चिंच, कंदील, सुतळी, बाभूळ... वाचता वाचता त्याच्या कपाळावर आठी आली.

"यात गोष्टच न्हाई."

"मुद्दामच. गोष्ट असली की माणूस अंदाजानं लिहितो. मला अंदाज नको, ऐकलेलं हवं."

"अवघड हाय तुमचं, मॅडम," तो म्हणाला आणि त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती नजर दीड सेकंद टिकली असेल. रिकाम्या थेटरात फुग्याचा आवाजही साधारण तेवढाच घुमत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला आरोही वही, दोन पेन्सिली आणि, काही कारण नसताना, कानात नवे झुबे घालून आली. आणि तिथं पुनम होती.

पुनम त्या नाटकातली नायिका. गाणारी होती. बोलायला लागली की तोंडाआधी तिचे हात बोलायचे. सज्जाखाली डाव्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, मांडीवर वही घेऊन ती पाठांतर करत बसली होती. रंगमंचावर चढण्याआधी सोमेश्वर तिच्याकडं गेला आणि खिशातून एक पुडी काढून त्यानं तिच्या ओंजळीत टाकली.

"खडीसाखर हाय. घसा बसला तर मला दोघांचेबी डायलॉग म्हनावं लागतील."

"म्हन की. तुला माझेच जास्त पाठ हैत," पुनम म्हणाली.

आरोहीनं वही उघडली. सातशे खुर्च्यांचा नकाशा तिनं रात्री काढला होता. पुढून, मागून, मधून, वरच्या सज्जातून, कुठून कुठून ऐकायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं, असं स्वतःच्या अक्षरात लिहूनही ठेवलं होतं. तिनं त्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली, आणि जाऊन बसली पुनमच्या तीन रांगा पुढं. सुरुवात कुठूनही केली तरी चालते, असं तिनं मनाला सांगितलं. विज्ञानात असं काही नसतं.

रंगमंचावर एकच दिवा होता. उजेडात उभ्या असलेल्या सोमेश्वरला समोर नुसता अंधार दिसत होता. आरोही कुठल्या खुर्चीत आहे याचा त्याला पत्ता नव्हता. तो वाचत गेला, ती लिहीत गेली. निम्मे शब्द तिच्यापर्यंत येईतो विरघळत होते. यादी संपली. तो खाली उतरला, आणि सरळ त्या कोपऱ्यात पुनमसमोर जाऊन बसला.

"तू येशील म्हणून मी तीन गाड्या सोडल्या," तो म्हणाला.

"आणि चौथी?"

"चौथीत तू होतीस."

नाटकातले संवाद होते. आरोहीला ते पक्कं ठाऊक होतं. पुनमनं पानाचा नंबरसुद्धा मोठ्यानं सांगितला होता. पण चिंच आणि कंदील म्हणणारा आवाज निराळा होता आणि हा निराळा. घसा एकच. तिच्या वाट्याला गोणी आणि सुतळी, पुनमच्या वाट्याला चौथी गाडी.

तिसऱ्या दिवशी ती मुद्दाम झुबे न घालता आली. हाही एक प्रयोगच होता.

"आज कान रिकामे?" दारातच सोमेश्वरनं विचारलं.

"ऐकायला अडथळा होतो."

"झुब्याचा? मंग काल काहून घातले व्हते?"

म्हणजे त्यानं पाहिले होते. याचा तिला एवढा आनंद झाला, की दहा पावलं ती जमिनीवर नव्हतीच. अकराव्या पावलाला सोमेश्वरनं हाक मारली, "पुनम, दुसरा अंक काढ." आरोही पुनमच्या दोन रांगा पुढं जाऊन बसली.

चौथ्या दिवशी बरोब्बर मागं.

तिथून तिला पुनमची पांढरी ओढणी दिसत होती, आणि ओढणीवर चार पिवळी बोटं. स्वच्छ, एकेक पेर मोजता येईल अशी.

"हळदीचा डाग साबणानं धुवू नका," आरोही म्हणाली. आपला आवाज इतका कोरडा कसा झाला याचं तिलाच नवल वाटलं. "लाल होतो. उन्हात टाका. उन्हात रंग उडतो."

"असू द्या हो. स्टेजवर थोडाच दिसतो?" पुनमनं ओढणी गुंडाळून मांडीवर घेतली. "लई जोरात धरतो हा. सीनच तसा हाय."

आरोहीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

"मॅडम, येक विचारू? हितं डास लई हैत. आमाला इलाज न्हाई. तुमी काहून रोज हितंच बसता?"

"मोजमापाचा भाग आहे."

पुनमनं खडीसाखरेचा खडा गालात धरला, तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं."

पाचव्या दिवशी तेरा नोंदी झाल्या आणि आरोहीनं सरासरी काढली. दोनदा काढली.

"किती?" सोमेश्वर रंगमंचावरून वाकून विचारत होता. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाची उत्सुकता होती.

"शंभरात अडतीस."

तो हळूच कडेला बसत म्हणाला, "मंग बाकीचे बासष्ट गेले कुटं?"

"हवेत."

"मोंढ्यात चारशे मानसांच्या गलक्यात माझा आवाज टोकाला जातो. आन् हितं, रिकाम्या थेटरात..." तो आपल्याच तळहाताकडं बघत राहिला. "माझा आज्जा डोंगरकड्याहून बैलगाडीनं नाटकाला यायचा. शेवटच्या रांगेत बसायचा. त्याला तर समदं ऐकू यायचं. म्हंजे थेटर खराब न्हाई. माझाच आवाज कमी पडला."

आरोहीनं वही मिटली. आणि त्या क्षणी तिच्या मनात जे आलं ते तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही. अडतीस. म्हणजे थेटर जाणार. थेटर गेलं की तालीम गेली, तो कोपरा गेला, खडीसाखर गेली. आपण काहीच केलेलं नाही. आकडा तो आकडा. तिला बरं वाटलं. फाटकापर्यंत जाईतो बरं वाटलं, आणि फाटकापाशी त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली.

खाजा मियां स्टुलावर बसून चहा फुंकत होते. "हो गया हिसाब, बेटी?"

तिनं नकाशा त्यांच्या गुडघ्यावर पसरला. जिथून ऐकलं तिथं तिथं लाल गोल होते. म्हाताऱ्यानं चष्मा वर केला, खाली केला, आणि ते गालातल्या गालात हसू लागले.

"सात सौ कुर्स्या. और तेरे सब गोले एकीच कोने में? काइकू?"

"का? काय आहे तिथं?"

"वो तो मुका कोपरा है. पूरे थेटर में एकीच जगा, जहाँ स्टेज का आवाज नै आता. ऊपर का सज्जा आडा आता ना. और वहाँ बैठ के बोलो तो स्टेज पे नै जाता. इसी वास्ते अ‍ॅक्टर लोगां पुराने जमाने से वहींच बैठ के पाठ करते. उस कोपरे का तो टिकटच नै बेचते थे."

आरोहीनं नकाशा पुन्हा हातात घेतला. गुळाच्या खड्याभोवती मुंगळे जमावेत तसे तेरा लाल गोल एका जागी दाटले होते, आणि त्यांच्या मधोमध जी एक खुर्ची रिकामी होती ती पुनमची. हा थेटरातल्या आवाजाचा नकाशा नव्हताच. तिच्या जळण्याचा होता, आणि तोही प्रमाणात काढलेला.

तिच्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर तिनं वही तोंडावर फेकली असती.

"सगळं परत करावं लागेल," ती म्हणाली. "त्यांनाच परत वाचावं लागेल. आणि ते विचारतील, आधीच्या नोंदी का रद्द केल्या."

"तो बोल दे."

"काय बोलू?"

खाजा मियांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "कोपरा मुका है, बेटी. तू तो नै ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोंढ्यात गेली. शेडखाली हळदीचे ढीग लागले होते. हवेत इतकी हळद होती, की श्वास घेतला तरी पिवळा होईल असं वाटावं. एका ढिगाभोवती अडते, खरेदीदार, हमाल असे पंधरा-वीस जण कोंडाळं करून उभे होते आणि मध्ये सोमेश्वर भाव पुकारत होता. तिला पाहून त्याचा आवाज थांबला नाही. फक्त भुवया वर गेल्या. ती माणसांतून वाट काढत ढिगाच्या या कडेला आली.

"चाचणी चुकली," ती म्हणाली. "तुमचा आवाज चांगला आहे. खुर्च्या चुकल्या."

"खुर्च्या कशा चुकतील?"

"मी मुक्या कोपऱ्यात बसले. तेरा वेळा."

"तिथं तर आमी बसतो. मी आन् पुनम." तो गोंधळला. "मला वाटलं, वाचून झाल्यावर तालीम ऐकाया तुमी तिकडं येता. सातशे खुर्च्यांत तुमाला दुसरी जागा न्हाई सापडली?"

"सापडली असती."

"मंग काहून?"

तिनं एक वाक्य तयार करून आणलं होतं. शुद्ध, नेमकं, कर्मणी प्रयोगातलं. ते ऐन वेळी कुठं गेलं कुणास ठाऊक. तोंडातून आलं ते थेट कुरुंद्याचं.

"काहून म्हंजे? खडीसाखर तिला, चौथी गाडी तिला, आन् माझ्या वाट्याला गोणी, चिंच, बाभूळ. तिथं न्हाई बसनार तर कुटं बसनार मी?"

ढिगाभोवती शांतता झाली. मोंढ्यात सकाळच्या वेळी अशी शांतता कुणी ऐकलेली नव्हती. एका हमालानं खांद्यावरचं पोतं न उतरवताच मान वळवली. मग उकंडराव अडते घसा खाकरून म्हणाले, "सोमेश्वर, ही कोन्त्या मालाची बोली चालू हाय? आमाला कळू दे, आमीबी थांबतो."

हशा पिकला. आरोहीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सोमेश्वर मात्र हसला नाही. त्यानं पुढचा भाव पुकारायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

"कुटपर्यंत आलो व्हतो मी?" त्यानं विचारलं.

"तुझं तुलाच ठाव, बाबा," उकंडराव म्हणाले.

चार वर्षांत पहिल्यांदाच तो आकडा विसरला होता.

आरोही वळून निघाली. मागून तोच आवाज आला, शेडच्या टोकापर्यंत जाणारा. "उद्या पाचला येतो, मॅडम. पन खुर्च्या तुमी न्हाई निवडायच्या."

दुसऱ्या दिवशी पाचला विलास थेटरची बाजूची सगळी दारं उघडली गेली. अकरा वर्षांनी आत ऊन आलं. खाजा मियांनी निरोप फिरवला होता, आणि तीस माणसं हवी असताना चाळीस आली: मोंढ्यातले हमाल, शिलाईवाल्या बाया, दोन निवृत्त गुरुजी. एका पितळी डब्यात सातशे चिठ्ठ्या होत्या. ज्याला जी खुर्ची लागेल तिथं त्यानं बसायचं.

ऐंशी वर्षांच्या सोजराबाईंना पुढून दुसरी रांग लागली. त्या उठून उभ्या राहिल्या. "मी जल्मात खाली बसले न्हाई. बायांची जागा वर व्हती, चिकाच्या पडद्याआड."

"आजी, चिठ्ठीत आलं ते आलं," आरोही म्हणाली.

सोजराबाई कुरकुरत बसल्या. जरा वेळानं मान वळवून शेजारणीला म्हणाल्या, "हितून नटाचे दातबी दिसतात की गं. फुकट गेले समदे नाटकं माझे."

पुनमला आरोहीनं स्वतः बोलावलं होतं. घड्याळ लावून वेळ पाळायचं काम तिला दिलं. पुनमनं ते काही न विचारता घेतलं.

सोमेश्वरनं वाचायला सुरुवात केली. आज आरोही नुसती उभी होती, दाराशी, वही छातीशी धरून. शब्द रंगमंचावरून निघत होते आणि लाकडी छताला लागून सगळ्या थेटरभर सारखे उतरत होते, चाळणीतून पीठ पडावं तसे. कागद गोळा केले. शेवटच्या रांगेतल्या हमालाचे पंचवीसपैकी चोवीस. वरच्या सज्जातल्या बाईचे तेवीस. तिनं तीस कागद तपासले आणि सरासरी मोठ्यानं सांगितली, "एक्क्याण्णव."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक गुरुजी म्हणाले, "हे आम्हाला ठाऊकच होतं."

"बेटी, तेरी चिठ्ठी रह गई," खाजा मियां म्हणाले. पडताळणीची दुसरी फेरी व्हायची होती, आणि त्या फेरीत तिनंही बसायचं असं ठरलं होतं. त्यांनी डब्यात हात घातला. चिठ्ठी उलगडली. डावी बाजू, सज्जाखाली, भिंतीलगत.

मुक्या कोपऱ्यात एकूण अठरा खुर्च्या. सातशेत अठरा, म्हणजे शंभरात जेमतेम अडीच. खाजा मियांनी हात घालताना डब्यात पाहिलं होतं की नव्हतं, याची नोंद तिनं घेतली नाही.

ती जाऊन बसली. आज दारं उघडी होती. रंगमंचावरून सगळ्या खुर्च्या दिसत होत्या. सोमेश्वरनं आधी कोपऱ्याकडं पाहिलं, मग दुसरी यादी उघडली.

दहावा शब्द झाला असेल नसेल, आणि पत्र्यावर पाऊस आला. परतीचा, जाड थेंबांचा, कुणी वरून गोण्या रित्या कराव्यात तसा. क्षणात काही ऐकू येईना. सातशेच्या सातशे खुर्च्या मुक्या झाल्या. लोकांनी पेन्सिली खाली ठेवल्या आणि ते वर बघू लागले. सोमेश्वरचे ओठ हलत राहिले, मग थांबले. त्यानं यादीची घडी केली, तो रंगमंचाच्या पायऱ्या उतरला आणि सगळ्या गावादेखत, रांगांमधून वाट काढत, सरळ कोपऱ्यात आला.

रंगमंचाशी पुनम घड्याळ धरून उभी होती. तिनं एकदा इकडं पाहिलं आणि लगेच मान वळवली. ती नजर आरोहीच्या ओळखीची होती. गेले पाच दिवस ती स्वतः तीच नजर घेऊन हिंडत होती. तिला वाटलं, उठून पुनमजवळ जावं. काय बोलायचं असतं अशा वेळी, ते तिला माहीत नव्हतं.

तोवर सोमेश्वर शेजारच्या खुर्चीत बसला होता. ओल्या मातीचा वास आणि त्यात हळदीचा. तो तिच्या कानाशी वाकला आणि वाचायच्याच आवाजात म्हणाला, "पितळ."

तिनं लिहिलं.

"खुंटी... मोट... तराजू..." पंधरा शब्द झाले. तिचं अक्षर शेवटी शेवटी उतरत गेलं.

"पंचवीस झाले," ती म्हणाली.

"सव्विसावा लिहा."

"यादीत पंचवीसच आहेत."

"लिहा तर."

त्यानं यादी खिशात घातली. मग बोलला. हा यादीचा आवाज नव्हता, चौथ्या गाडीचाही नव्हता. त्याच घशात तिसरा एक आवाज होता, आणि तो आजवर कुणाच्या वाट्याला आलेला नव्हता.

"आरोही."

पुढं मॅडम नाही. पुढं काहीच नाही.

तिची पेन्सिल कागदावर टेकली होती, हलत नव्हती. "नाटकातलं आहे का हे?"

"न्हाई. नाटकातलं समद्यांना ऐकू जातं." त्यानं पत्र्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "चार वर्षं गावाला ऐकू जावं म्हनून वरडून राहिलो. येकाच मानसाला ऐकू जावं, असं आज पहिल्यांदा बोलून राहिलो. आलं का ऐकू?"

पाऊस जरा कमी झाला होता. आता थांबलाच तर सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

"नक्की सांगता येत नाही," आरोही म्हणाली. "एका नोंदीवर निष्कर्ष काढत नाहीत... परत म्हणा."

अहवाल वेळेत गेला. पहिल्या तेरा नोंदींसमोर तिनं लिहिलं होतं : रद्द. कारण, श्रोत्यानं खुर्च्या मनानं निवडल्या. नव्या नोंदींतल्या क्रमांक एकतीससमोर, म्हणजे स्वतःच्या नोंदीसमोर, लिहिलं होतं : सरासरीत धरलेली नाही. वाचक रंगमंच सोडून श्रोत्याजवळ येऊन बसला.

समितीनं दुरुस्तीच्या बाजूनं कौल दिला. इंजिनियरनं एकच शंका विचारली. सज्जाखालच्या डाव्या कोपऱ्यात आवाज पोचत नाही असं अहवाल म्हणतो, तर दुरुस्तीत हा दोष काढून टाकायचा का?

आरोहीनं उत्तर लेखी दिलं. कागदाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा एक पिवळा ठसा होता, तो तिनं पुसला नव्हता.

"कोपरा आहे तसाच राहू द्यावा. वापरात आहे."